बंदुकीची ओटी

“रिकामीच आहे हो,” असं म्हणत जो माणूस माझ्या हातात बंदूक देतो, त्याला एक ठेवून द्यावी असं मला वाटतं. आजवर दिलेली नाही, पण वाटतं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरचेही सांगतात आणि बाहेरचेही. नोकरी सगळी पोलिसांच्या शस्त्रागारात गेली. रायफली पुसायच्या, मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. तिथं एका जोडीदारानं “रिकामी आहे” म्हणत खटका दाबला आणि छताच्या पत्र्याला भोक पडलं. कुणाला लागलं नाही. पण पुढं दर पावसाळ्यात त्या भोकातून पाणी गळायचं आणि त्याखाली बादली ठेवायचं काम माझ्याकडं आलं. म्हणून ते माझ्या कायम ध्यानात राहिलं.

निवृत्त झाले आणि घरात बसून सुनेला शिस्त लावायला लागले. तेव्हा मुलानंच मला धरून ह्या नाटकवाल्यांत नेऊन सोडलं. संभाजीनगरातली ही हौशी मंडळी. मुक्तिसंग्राम दिनाच्या आगेमागे गावोगावच्या मैदानात निजामाच्या काळातला प्रसंग उभा करतात. स्टेज नाही, पडदा नाही. मोकळं मैदान, एका बाजूला निजामाचे शिपाई, दुसऱ्या बाजूला गावकरी, आणि भोवती खरे गावकरी खाली बसलेले. बसवणारे एक हायस्कूलचे मास्तर. स्वभावानं इतके गरीब की वर्गात मुलं ऐकत नसतील, पण शिपायांच्या जमादाराची भूमिका मात्र त्यांनी स्वतःकडं ठेवलेली. मला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “मॅडम, तुम्ही नेमकं काय बघणार?” मी म्हटलं, “नाटकात पडलेला माणूस नाटक संपल्यावर उठला पाहिजे. एवढंच बघणार.”

बंदुका चार. जुन्या धाटणीच्या, बोल्टच्या, पोटात पाच काडतुसं घेणाऱ्या. मुंबईचा एक परवानावाला माणूस रीतसर कागदपत्रांसह देतो. नळीच्या मधोमध पोलादी अडसर बसवलेला आहे, त्यामुळं खरी गोळी त्यातून जाऊच शकत नाही. वापरायची ती नुसत्या आवाजाची काडतुसं. म्हणून मंडळींना वाटायचं, हे तर दिवाळीतलं खेळणं. मी एक कलिंगड मागवलं, चार हात लांब ठेवलं आणि बार काढला. अडसराच्या बारक्या भोकातून जी आग आणि वारा निघतो, त्यानं कलिंगडाची साल फाटून लाल गर बाहेर आला. मास्तर म्हणाले, कापून वाटून टाकू या. मी म्हटलं, दारू लागलीय त्याला, गुमान बसा.

ह्या बंदुकांची खोड वेगळी असते. ठासणीच्या बंदुकीचा एक बार निघाला की ती खरंच रिकामी होते. हिचं तसं नाय. एक बार काढला की माणसाला वाटतं झालं काम, आणि तो हाताच्या सवयीनं बोल्ट मागं-पुढं करतो. पोटातलं दुसरं काडतूस आपसूक वर चढतं. मग हा गडी बंदूक खांद्याला लावून शेजारच्याशी गप्पा मारतो. म्हणून मी पाच कधीच भरू देत नाही. ज्याला जितके बार काढायचे तितकीच काडतुसं त्याला मिळतात, तीही मैदानाच्या कडेला चुन्याची रेघ मारते तिथं, माझ्या हातानं. निशाणा माणसावर धरायचाच नाही. त्याच्या डाव्या खांद्यापासून दोन हात बाहेर, मागं कुणी नसेल तिकडं. बघणाऱ्याला ते कळत नाही. आणि माझ्या गळ्यात शिट्टी असते. तीन शिट्ट्या ऐकल्या की कुणी कुठल्याही वाक्यावर असो, तोंडं आभाळाकडं, बोटं खटक्यावरून बाहेर, बोल्ट उघडे. ह्याची मी इतक्यांदा तालीम घ्यायचे की मंडळी मला पाठीमागं फौजदारीण म्हणायची. मी साधी हवालदार होते, पण म्हटलं, म्हणा.

सगळ्यात शेवटचा नियम सळईचा. बंदूक हातात द्यायच्या आधी तिच्या तोंडातून एक लोखंडी सळई आत सोडायची. ती अडसरावर आपटली की टण्ण वाजते. टण्ण वाजलं म्हणजे नळी मोकळी. नाही वाजलं, तर ती बंदूक त्या दिवशी घरी बसणार. हे दर खेळाला, दर बंदुकीला, देण्याच्या क्षणाला. “सकाळी केलं होतं” हे मी चालवून घेत नाही. म्हणजे घेत नव्हते.

आता जो माणूस पडतो त्याच्याबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं. तो पिशोरच्या बाजूचा, मेंढपाळाच्या घरातला. स्वतः शेंद्र्याला कंपनीत आहे. खेळ असला की पाळी बदलून घेतो, तालमीला डोळे चोळत येतो. बाप अजून मेंढरांमागं असतो. आमच्या खेळात तो करतो तो प्रसंग त्याच्याच आज्याचा आहे. आजा मेंढरं घेऊन फर्दापूरपर्यंत उतरायचा. पलीकडं खानदेश, तिथं निजामाचं राज्य नव्हतं. घोंगडीच्या घडीत लढ्याच्या चिठ्ठ्या, इकडच्या तिकडं, तिकडच्या इकडं. एकदा गेला तो आला नाही. गोळी घातली म्हणतात. मेंढरं तेवढी तिसऱ्या दिवशी आपली वाट काढत घरी आली. आज्याचा ना फोटो, ना कुठं नाव. मग हा दर वर्षी खांद्यावर घोंगडी टाकून शिपायांपुढं उभा राहतो, चिठ्ठ्या कुणाच्या ते सांगत नाही, आणि पडतो. इतका खरा पडतो की पहिल्या वेळी मीच दोन पावलं पुढं गेले होते.

त्याची आई कधी खेळाला यायची नाही. “माझ्या सासूनं जलमभर वाट बघितली, ते म्या बघितलं. आता हे आणिक कशाला बघू,” म्हणायची. पण एका वर्षी खेळ पिशोरजवळ, त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. लेकानं गळ घातली, आणि म्हातारी आली. सत्तरीच्या पुढची, कपाळाला ठसठशीत कुंकू, कमरेला पानसुपारीची चंची.

दुपारची चारची वेळ. पाऊस येऊन गेलेला, आणि आता ऊन चटके देत होतं. मंडप माणसांनी भरलेला, मोकळी सावली फक्त माझ्या टेबलापाशी. पांढऱ्या कापडावर चारी बंदुका बोल्ट उघडे करून मांडलेल्या होत्या. नळ्या मी तासाभरापूर्वीच तपासल्या होत्या. म्हातारी उन्हात उभी दिसली, तर मीच तिला हाक मारून माझ्या खुर्चीत बसवलं. तिनं बंदुकांकडं बघितलं आणि विचारलं, “ह्यातली माझ्या लेकावर कंची?”

मी सांगितलं, “तिसरी, मावशी. बाकीच्या हवेत उडतात. शेवटचा बार तिसरीचा.” वर आणखी शहाणपणानं म्हणाले, “काळजी करू नका. मी आहे ना.”

तेवढ्यात मास्तरांनी मला बोलावलं. चुन्याची रेघ पावसानं पुसली होती, ती नव्यानं मारायची होती. टेबलापाशी कुणीतरी बसायला पाहिजे. मी म्हातारीला म्हटलं, “मावशी, एवढं बघा. कुणाला हात लावू देऊ नका.” ती म्हणाली, “व्हय, जावा तुम्ही.” आणि तिनं खरंच कुणाला हात लावू दिला नाही. आमच्यातल्याच एका नटानं बंदूक उचलायला हात पुढं केला, तर तिनं त्याला हुसकून लावला, हे मला नंतर कळलं.

मी परत आले तर बाई तशीच बसलेली, हात मांडीवर. मला म्हणाली, “कुणी नाय आलं.” आणि नेमके त्याच दिवशी प्रमुख पाहुणे वेळेआधी आले. असं आमच्याकडं कधी होत नाही. माइकवर पुकारा सुरू झाला, मास्तर पळत आले, मिशी अर्धी चिकटवलेली. शिपाई झालेले चौघे टेबलाशी धडकले. मी सळई उचलली. मास्तर म्हणाले, “मॅडम, आत्ताच तर बघितल्यात तुम्ही. पाहुण्यांना पुढं दुसरा कार्यक्रम आहे. आजच्या दिवस राहू द्या ना.”

मी त्यांच्यावर ओरडायला पाहिजे होतं. एरवी किती ओरडते. पण ऊन होतं, पाहुणे होते, आणि नळ्या मी स्वतः बघितल्या होत्या. मी म्हणाले, “बरं, चला.” हे दोन शब्द मला अजून टोचतात.

बंदुका दिल्या. रेघेपाशी प्रत्येकाला त्याची काडतुसं दिली. तिसरी बंदूक आमच्या मेकॅनिककडं होती. हा शहरातला, गॅरेजवाला, बोलणं सगळं दखनीत, आणि हात इतके सफाईदार की बोल्ट त्यानंच चालवावा. चौघं मैदानात गेले. मी काडतुसांच्या पिशवीचं तोंड बांधायला लागले तर माझी बोटं पिवळी दिसली. दुपारचं वरण असेल म्हणून पदराला पुसली. जाईनात. हुंगून बघितलं तर हळद. कोरडी, पूजेच्या ताटात असते तसली.

मी टेबलाकडं बघितलं. पांढऱ्या कापडावर, तिसरी बंदूक होती त्या जागी, तांदळाचे चार दाणे पडले होते. मैदानात बाकीच्या तिन्ही बंदुकांचे बार निघाले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. मेकॅनिकनं दस्ता खांद्याला लावला. समोर पंधरा पावलांवर घोंगडी टाकलेला तो, मान ताठ. मी पळत सुटले आणि शिट्टी फुंकली. एकदा, दोनदा, तीनदा. माझं वय, माझे गुडघे, साडीचा चिखल, कशाचं भान राहिलं नाही. गोंगाटात ऐकू गेलं नसेल म्हणून परत तीनदा.

मेकॅनिकनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. बंदुकीचं तोंड आभाळाकडं, बोट बाहेर, बोल्ट खट्टकन मागं, काडतूस चिखलात. बाकीच्या तिघांनीही तेच केलं. इतक्या वेळा तालीम घेतली म्हणून मला हसायचे ना, त्या तालमीनंच ते हात हलले.

लोकांना वाटलं, हा नाटकातलाच भाग. मी तिसरी बंदूक हातात घेतली, आत काडतूस उरलं नाही ना ते बघितलं, सळई तोंडातून आत सोडली. टण्ण नाही. थप, असा मुका आवाज, आणि सळई वीतभर बाहेरच. नळी उलटी करून तळहातावर आपटली. तांदूळ पडले. मग सुपारीचं खांड. आणखी काहीतरी आत घट्ट बसलं होतं, ते निघेना. मी सळईनं टोचत होते, घामानं हात सटकत होते. तेवढ्यात बाजूला म्हातारी येऊन उभी राहिली. चंचीतून दाभण काढून माझ्यापुढं धरला. घोंगडी शिवायचा, चांगला लांब.

“आसं नाय निघायचं, बाई,” ती म्हणाली. “ह्यानं काढा. म्या ह्यानंच बसीवलंय.”

दाभणानं निघालं. हळकुंड होतं, करंगळीहून बारीक, निवडून आणलेलं. सुपारी तिनं अडकित्त्यानं नळीच्या मापात कातरली होती. हळदीकुंकू वाहून झाल्यावर, माझं कापड खराब होऊ नये म्हणून बंदूक पदरानं पुसूनही ठेवली होती. मी जिला राखणीला बसवलं, तिनंच हे केलं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे, असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की कुंपण ती नव्हे, मी होते.

पण ते नंतर. तेव्हा माझा राग असा उसळला की मी तिला सगळ्यांदेखत विचारलं, “मावशी, हे काय केलंत? कशासाठी?”

तिला माझ्या आवाजाचंच नवल वाटलं. “ओटी भरली तिची,” ती म्हणाली. “कामून रागं भरता? माझ्या लेकापुढं उभी ऱ्हाणार ती. बाईची जात. रिकाम्या ओटीनं कशी धाडायची? म्हणलं, बाई, तुझी ओटी भरते, माझी मोडू नको.”

पण सांगणं भाग होतं, आणि ते मी तिच्या लेकाला सांगू दिलं नाही, मीच सांगितलं. खालच्या आवाजात. म्हटलं, मावशी, बार निघाला असता तर हे हळकुंड गोळीसारखं सुटलं असतं. दोन हात बाहेर धरतो आम्ही, पण असलं वेडंवाकडं काही आत असलं की ते कुठं जाईल सांगता येत नाही. नाहीतर तिथंच अडकून नळी फाटली असती, ह्या धरणाऱ्याच्या तोंडावर. ती ऐकत राहिली. मग जिथं उभी होती तिथंच, चिखलात, खाली बसली. हळकुंड तिच्या हातात होतं. लेक तिच्याजवळ उकिडवा बसला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला.

मेकॅनिकच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. तो म्हणाला, “मेरे हात से हो जाता था, मॅडम.” तेवढंच म्हणाला आणि बंदुकीपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

मास्तर म्हातारीवर चिडायला लागले. गरीब माणूस घाबरला की चिडतो. मी म्हटलं, “मास्तर, तिला एक शब्द बोलायचा नाही. तिनं तिच्या समजुतीनं लेकाला राखायला केलं. मला राखायचं कसं ते माहीत होतं, आणि मी सळई खाली ठेवली. चूक माझी आहे.” सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी हे वाक्य कुणापुढं म्हणाले नव्हते.

आता आमच्याकडं रीत अशी आहे. कुठंही खेळ असो, आधी टेबलावर चारी बंदुकांची ओटी भरली जाते. तांदूळ, हळकुंड, खण, सगळं, पण दस्त्याच्या बाजूला, कापडावर. मास्तर म्हणाले होते की ही अंधश्रद्धा बंदच करू. मी म्हटलं, बंद केलं तर चोरून होईल, आणि चोरून झालेलं मला सापडणार नाही. ओटी उचलली की मग सळई. आणि ती सळई, जवळपास खेळ असला की, म्हातारीच सोडते. तिला कमी ऐकू येतं. मी “वाजली” म्हणेपर्यंत ती बंदुकीवरचा हात काढत नाही. पाहुणे आले असोत, मंत्री आले असोत.

त्या संध्याकाळचं मात्र राहिलंच सांगायचं. मला वाटलं होतं, खेळ मोडला. पण म्हातारीच्या लेकानं घोंगडी झटकली आणि विचारलं, “मॅडम, करायचा का पुरा? आई आलीय.” मी मेकॅनिककडं बघितलं. त्यानं मान हलवली, पण म्हणाला, आधी सळई. मैदानाच्या मधोमध, सगळ्या गावासमोर, मी चारी बंदुकांत सळई सोडली. चार वेळा टण्ण वाजलं. म्हातारीला रेघेच्या अलीकडं, माझ्याजवळ उभी केली. तिनं माझ्या दंडाला धरलं होतं. धरलं म्हणजे चांगलं घट्ट.

प्रसंग पहिल्यापासून सुरू झाला. मास्तर जमादाराच्या आवाजात ओरडले, चिठ्ठ्या कुणाच्या म्हणून. तो बोलला नाही. तीन बार हवेत. मग तिसरीचा. तो पडला, दर वेळी पडतो तसाच, घोंगडी एकीकडं. आमच्या खेळात ह्यानंतर पोवाडा असतो, आणि तो संपेपर्यंत त्यानं हलायचं नसतं. माझ्या दंडावरचा हात सुटला. म्हातारी रेघ ओलांडून चालत गेली. बंदुकांचे बोल्ट उघडे झालेले मी बघितले होते, म्हणून तिला अडवलं नाही. ती त्याच्या डोक्याशी जाऊन थांबली आणि घरी झोपेतून उठवतात त्या आवाजात म्हणाली, “ऊठ आता. झालं.”

तो पोवाड्याची वाट न बघता उठून बसला. लोक हसले, कुणीतरी टाळी वाजवली, मास्तरांनी कपाळाला हात लावला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, खांदा चाचपला, छाती चाचपली, आणि मग त्याला हाताला धरून घेऊन आली. मी खाली वाकून चिखलातल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचत होते, मोजत होते. मोजता मोजता डोळ्यांत पाणी आलं आणि आकडा चुकला. मग परत पहिल्यापासून मोजल्या.